मे महिना बरा गेला

४ जून, रात्री

"आई, मे मस्त गेला ना तुझा! सगळं हिरवंगार दिसतंय." मुक्ताचा फोन सकाळी आला, आणि तेव्हापासून हे एक वाक्य डोक्यातून जात नाही. मी "हो गं" म्हटलं. ती कॅबमध्ये होती, इतकी खूश होती की दुसरं काही तोंडातून निघेचना.

मे मस्त गेला? नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाल्यापासून मी किती दुपारी उशीखाली डोकं घालून पडले होते, ते या भिंतींना विचारावं.

माझ्या डोकेदुखीची रोजची नोंद ठेवायचं ॲप तिनंच मार्चमध्ये माझ्या फोनवर टाकून दिलं. मला ते आवडतंही. रोज रात्री नऊला विचारतं: डोकं दुखलं का, कोणत्या बाजूनं, किती वेळ, मळमळ झाली का, उजेड सहन होत होता का, गोळी कोणती घेतली. दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. धंतोलीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "महिन्यातून किती दिवस?" आणि मी म्हटलं होतं, "असतं अधूनमधून." याहून नेमकं मला सांगताच येईना. दुखणं थांबलं की ते किती होतं हे आठवत नाही, आणि चालू असताना बोलवत नाही. संकष्टीचा उपास आणि अर्धशिशी यांचं माझ्याबाबतीत साटंलोटं आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते या नोंदींनी दाखवलं. पाळीच्या आदल्या दोन दिवसांचंही तसंच. तीही आता कधी येते, कधी येत नाही, पण ते राहू दे.

मुद्दा हा की अर्धशिशीचा एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो, आणि माझा जोरात असतो तेव्हा फोनचा पडदा डोळ्यांत सुईसारखा घुसतो. त्या रात्री नऊला फोन वाजतो आणि मी तो पालथा करून ठेवते. आकडा कोण देणार? दुसऱ्या दिवशी अंग असं गळून गेलेलं असतं की डबा आणि ऑफिस एवढंच कसंबसं उरकतं. म्हणजे तीन-चारवाल्या दिवसांची नोंद आहे, आणि नऊवाले दिवस रिकामे आहेत. ॲप रिकाम्या दिवसाला 'त्रास नाही' धरतं आणि हिरवा रंग भरतं. माझे सगळ्यात वाईट दिवस माझ्याच तक्त्यात सगळ्यात चांगले झाले आहेत.

आईकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय असायचं. दुधाचा खाडा झाला की ती त्या तारखेवर काट मारायची. दूध आलं नाही, हीच तर लिहायची गोष्ट होती. कोरी तारीख म्हणजे दूध आलं, हे तिला आणि दूधवाल्याला दोघांनाही ठाऊक होतं. इथे कोऱ्या तारखेचा अर्थ कुणी ठरवला? मला तर कुणी विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ॲपचं एवढं नाही. मुक्ता आधी विचारायची, "आई, कशी आहेस?" मी "ठीक" म्हटलं की ती लगेच म्हणायची, "खरं सांग." आवाजावरून ओळखायची. आता तिला विचारावंच लागत नाही, तक्ता तिच्याकडेही दिसतो. काळजीपोटीच बघते पोरगी, कामाच्या धबडग्यातून वेळ काढून बघते. पण मला तो "खरं सांग" हवा होता. सकाळपासून तोच हवा आहे.

दिवसभर वाटत राहिलं की या घरात माझा मे महिना कुणाच्याच खिजगणतीत नाही. ऑफिसात मी रजा टाकली नाही, तर तिथेही दिसलं नाही. डॉक्टरांनी भरून घेतलेला तो पाच प्रश्नांचा फॉर्म आठवला. त्यात गेल्या ३ महिन्यांत नोकरीवर किती दिवस जाता आलं नाही हे विचारतात, आणि घरकाम किती दिवस झालं नाही हेही वेगळं विचारतात. काम निम्म्यावर आलं तो दिवससुद्धा मोजतात. तो प्रश्न वाचून तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरकाम राहून गेलं याची मोजदाद कुणी करतं हेच मला नवीन होतं.

गुरुवारी परत जायचं आहे. म्हणून संध्याकाळी औषधांचा डबा काढून बसले, निदान गोळ्यांवरून तरी दिवस लागतात का बघायला. गोळ्यांचा हिशोब लागतोच. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि ती अर्धशिशीवरची ट्रिप्टानची गोळी १० दिवस किंवा जास्त, असं ३ महिन्यांवर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, हे डॉक्टरांनी बजावलेलं आहे. फाटक्या चांदीच्या स्ट्रिपा पलंगावर मांडल्या. एका स्ट्रिपेवर पेनानं तारीख होती, बाकी कोऱ्या.

हे आत आले. "काय शोधून राहिली?"

सांगितलं. ते पलंगाच्या कडेला टेकले आणि कॅलेंडर मागितलं.

"रविवारी, मामाकडचे जेवायला येणार होते, आपण नको म्हटलं. तो एक. मग वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या त्या दिवशी. वास सहन होईना म्हणून मी दुपारी दोनला कूलर बंद केला, बनियनवर बसलो होतो. मग तो मंगळवार. खिचडी मी टाकली, मीठ विसरलो."

"मंगळवारी? मला वाटलं बुधवारी."

"मंगळवारीच. माझी पतपेढीची मीटिंग होती, गेलो नाही."

मीटिंगचं मला माहीतच नव्हतं. असे एकेक करत त्यांनी जवळजवळ सगळे रिकामे दिवस भरून दिले, आणि स्ट्रिपांमधल्या गोळ्यांशी ते जुळलेही. दुखणं किती होतं हे त्यांना सांगता येणार नाही, ते शून्य ते दहा माझंच. पण दिवस त्यांच्याजवळ होते. मी मात्र दिवसभर कुणाला काही पडलेलं नाही असं धरून बसले होते.

ॲपमध्ये मागच्या तारखा भरता येतात. आकडे आता आठवणीतून टाकायचे नाहीत असं ठरवलं आहे. आठवणीतलं दुखणं कमी-जास्त होतं आणि डॉक्टर त्यावर औषध ठरवणार. फक्त 'दुखलं' आणि 'गोळी' एवढंच भरलं. यापुढे मी पडून असेन तेव्हा रात्री नऊला यांनी माझ्या फोनवर तेवढंच टाकायचं, असं ठरलं. त्यांना चष्मा लागतो, म्हणून अक्षर मोठं करून ठेवलं.

मुक्ताला मेसेज केला: "तक्ता पुन्हा बघ. आणि बघून झालं की फोन कर, मला बोलायचंय."