वाशीच्या बाजारातला पेंढा आणि तो कुजवणारी बुरशी : माझ्या प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी मी वनस्पतींच्या पेशीभित्तिका तोडणारे बुरशीचे एन्झाइम हा विषय घेतला. नमुन्यासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. वाशीच्या एपीएमसी फळबाजारात हापूसच्या पेट्यांमधून भाताचा पेंढा येतो. हंगाम सरला की उरलासुरला पेंढा कोपऱ्यात साचतो आणि मृगाच्या सरी पडल्या की काळा पडून कुजायला लागतो. मी पिशवी भरायला वाकले तेव्हा एका माथाडी काकांनी विचारलं, "ताई, कुजका कशाला नेताय? कोरडा देतो की!" कुजकाच हवाय म्हटल्यावर त्यांनी ढिगाच्या तळाचा, सगळ्यात ओला पेंढा उपसून दिला. पुढे कामाची बुरशी निघाली ती त्यातूनच.

बुरशी वेगळी करताना जीव मेटाकुटीला येतो तो ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीमुळे. ती इतक्या झपाट्याने पसरते की प्लेटवर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल घातलं की बॅक्टेरिया थांबतात, पण ट्रायकोडर्माला आवरायला माध्यमात थोडं ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं रसायन लागतं. मग वसाहती आटोपशीर राहतात आणि शेजारची काळ्या बीजाणूंची ॲस्परजिलस ही बुरशीही सुटी उचलता येते.

त्यानंतर काँगो रेडची चाचणी. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या (पेशीभित्तिकेतल्या सेल्युलोजचं पाण्यात विरघळणारं रूप) प्लेटवर बुरशी वाढवायची, लाल रंग ओतायचा, मिठाच्या पाण्याने धुवायचं. सेल्युलोज तुटलेल्या जागी फिकट वलय दिसतं. सगळ्यात मोठं वलय ॲस्परजिलसचं आलं. बरेच प्रोजेक्ट इथेच "उत्तम बुरशी सापडली" म्हणून आटोपतात आणि ते मला मुळीच पटत नाही. प्लेटमधलं सेल्युलोज विरघळणारं असतं. पेंढ्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या रचलेल्या असतात, त्यांच्याभोवती झायलान (दुसऱ्या एका साखरेची साखळी) आणि लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ) यांचा वेढा असतो. वलय फक्त साखळी मधूनच तोडणाऱ्या एंडोग्लुकनेजची साक्ष देतं. टोकाकडून सेलोबायोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी, सोडवत जाणारं सेलोबायोहायड्रोलेज आणि त्या सेलोबायोजचे दोन ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसिडेज, ही दोन्ही नसतील तर पेंढा जवळपास तसाच राहतो.

म्हणून आमच्या गाइड मॅडमनी पहिल्यापासून फिल्टर पेपरच्या चाचणीचा आग्रह धरला होता. आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी १९८७ मध्ये आययूपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेसाठी मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. व्हॉटमन क्रमांक १ ची १ बाय ६ सेंमी पट्टी, म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम सेल्युलोज, ४.८ पीएचचा सायट्रेट बफर. ५० अंश सेल्सिअसला ६० मिनिटं. मग डीएनएस (साखरेच्या क्षपण करणाऱ्या टोकाशी क्रिया होऊन रंग देणारं रसायन) घालून ५ मिनिटं उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. इथे क्रम उलटला. लहान वलयाच्या ट्रायकोडर्माने पट्टीचे तंतू सुटे केले, ॲस्परजिलसच्या नळीत पट्टी जवळजवळ अख्खी राहिली.

ट्रायकोडर्माचं मला खरं नवल वाटतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजत होतं. त्या कापडावरून मिळालेली क्यूएम६ए ही ट्रायकोडर्मा रीसी एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी अभ्यासली. आज सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी एन्झाइम, बनवणाऱ्या उद्योगात वापरले जाणारे तिचे वाण त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत. पण तिच्याकडे बीटा-ग्लुकोसिडेज कमी असतं. सेलोबायोज साचतं आणि तेच सेलोबायोहायड्रोलेजला अडवतं.

ही उणीव ॲस्परजिलस भरून काढते. दोन्हींचा एन्झाइम असलेला अर्क एकत्र केला तेव्हा डीएनएसचा तपकिरी रंग एकदम गडद झाला. मला फार आनंद झाला, पण मॅडम म्हणाल्या, "थांब. सेलोबायोजला क्षपण करणारं टोक एकच. ते तुटून दोन ग्लुकोज झाले की टोकं दोन होतात. पेपर जास्त तुटला नाही तरी रंग वाढेल."

हे ऐकल्यावर मी पेंढ्याकडेच परत गेले. तो बारीक करून सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवला, म्हणजे लिग्निनची पकड सैल होते. उदासीन होईपर्यंत धुतला, वाळवला, तोलला. ट्रायकोडर्माचा अर्क एकटा, ॲस्परजिलसचा एकटा, दोन्ही मिळून, आणि एक नळी उकळून मारलेल्या अर्काची. प्रत्येक अर्कात मुळातच असलेली साखर वेगळी मोजून वजा केली. शेवटी उरलेला पेंढा गाळून, स्थिर वजन येईपर्यंत वाळवून पुन्हा तोलला. मिश्रणाच्या नळीतला पेंढा सगळ्यात जास्त घटला होता. प्रबंधात मी डीएनएसच्या तक्त्याआधी वजनांचा तक्ता टाकला.