यंदाचा नाताळ अर्धाच

घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ जवळ आला की दोन मतं ऐकू येतात. एक, 'सगळं नेहमीसारखंच करू, त्यांना तेच आवडलं असतं.' दुसरं, 'यंदा काहीच नको.' दोन्ही सहसा फसतात. सगळं तसंच करायला गेलं की प्रत्येक कामाशी माणूस नसल्याचं नव्याने कळतं. आणि काहीच केलं नाही म्हणून २५ तारीख टळत नाही, उलट तो मोकळा दिवस लांबत जाऊन अंगावर येतो. त्यातल्या त्यात जमतं ते असं: सणाचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्याचं वेगळं ठरवायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कागद घेऊन बसा. त्यावर भावना नकोत, कामं लिहा. झाड कोण आणायचं? माळांचा गुंता कोण सोडवायचं? येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा कोण मांडायचं? भेटवस्तूंवर नावं कोण लिहायचं, जेवणाआधीची प्रार्थना कोण म्हणायचं, मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) रात्री परतताना गाडी कोण चालवायचं? ज्या प्रश्नाचं उत्तर गेलेल्या माणसाचं नाव आहे, तिथे ठेच लागणार. अशा प्रत्येक कामासाठी वाटा तीनच: दुसऱ्या कुणाला आधीच सांगून ते सोपवायचं, यंदा गाळायचं, नाहीतर पद्धत बदलायची. सगळ्यात जास्त विसरली जाते ती प्रार्थना. सगळे ताटावर बसतात, एकमेकांकडे बघतात आणि सुरुवात कोण करणार हे कुणालाच ठाऊक नसतं. बसण्याच्या जागांचंही तेच. टेबल आडवं फिरवा, खोली बदला किंवा ताटं हातात घेऊन जेवा, पण हे आदल्या दिवशी उरका. पाहुणे आल्यावर खुर्च्या हलवणं फार जड जातं.

जे ठरेल त्याला 'यंदापुरतं' असं तोंडाने म्हणा. भांडणं बहुतेक इथेच होतात: एकाला वाटतं की झाड न लावणं म्हणजे घरची रीत कायमची मोडली, दुसऱ्याला वाटतं की झाड लावणं म्हणजे गेलेल्याला विसरलं. दोघांचं दुःख खरंच, फक्त चाल निराळी. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं प्रारूप इथे उपयोगी पडतं: शोकातलं माणूस हानी आणि रोजचं जगणं यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतं, आणि ही ये-जा निरोगी असते. म्हणून सकाळी रडलेली बाई दुपारी पत्ते खेळताना हसली तर त्यात बेइमानी नाही. 'ती आता कोणत्या टप्प्यात आहे' हा प्रश्न तर घरात आणूच नये. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले, नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे मुळात मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते, मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हे.

गेलेल्याचं नाव लवकर घ्या. जेवणाआधी एक मेणबत्ती, दोन वाक्यं, झालं. नाव घेतलंच नाही तर ते कोण काढतंय या धाकात सगळी संध्याकाळ जाते. पंचवीसला हे झेपणार नसेल तर रडण्याची जागा आधीच करून ठेवा. मूल गमावलेली कुटुंबं डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता, आपापल्या देशातल्या वेळेनुसार, मेणबत्ती लावतात. 'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' या संस्थेने १९९७ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम जगभर पाळला जातो, आणि त्यासाठी कुणाच्या घरी जावं लागत नाही. काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास 'ब्लू ख्रिसमस' किंवा 'लाँगेस्ट नाइट' नावाची शांत उपासना असते, तिथे आनंदी दिसण्याची सक्ती नसते.

नेहमीच्या उपासनेला जायचं तर मागच्या बाकावर, कडेची जागा धरा. घात होतो तो बहुधा कॅरलच्या पहिल्या ओळीला. गाण्याशी आठवण पटकन जोडली जाते, आणि दाटलेल्या गळ्याने गाता येत नाही. गाऊ नका, नुसते शब्द वाचा, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. उठून बाहेर गेलात तरी कुणी मोजत नाही.

फोनचाही बंदोबस्त करा. गूगल फोटोज आणि फेसबुक दोन्हींत 'आठवणीं'च्या सेटिंगमध्ये विशिष्ट माणूस किंवा तारखा लपवता येतात. फोटो पुसले जात नाहीत, फक्त सकाळी सात वाजता न विचारता समोर येत नाहीत. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि चोवीस तारखेच्या आत व्हायला हवं.

आता एकटेपणाबद्दल. एकटेपणाने माणसाची नजर बदलते: मेसेजला उत्तर उशिरा आलं की तो नकार वाटतो, आमंत्रण आलं की ती दया वाटते. मग 'नको' म्हटलं जातं आणि पुढच्या वर्षी कुणी विचारतही नाही. त्यामुळे आमंत्रणाला थेट 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याऐवजी वेळ बांधून घ्या: 'येईन, पण दोनच तास. मध्येच निघालो तर वाईट वाटून घेऊ नका.' परतीची सोय मात्र स्वतःचीच असू द्या. दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहिलं की दोनाचे सहा तास होतात. आणि बोलावणाऱ्यांसाठी: 'काही लागलं तर सांग' या वाक्याचा उपयोग शून्य. 'पंचवीसला दुपारी एकला तुला घ्यायला येतो, नको वाटलं तर सकाळी नुसतं "नको" एवढं टाक' असं म्हणा.

दिवस एकट्यानेच काढायचा असेल तर तो तासांत बांधा. धास्ती पुष्कळदा प्रत्यक्ष दिवसापेक्षा मोठी निघते, पण दुपारी चार ते रात्री नऊ हा पट्टा खरोखर अवघड असतो. सकाळी उजेडात निदान अर्धा तास बाहेर चाला. जेवणाचं सामान आणि रोजची औषधं तेवीसलाच आणून ठेवा. संध्याकाळी पाचचा एक फोन आधी ठरवून ठेवा, माणूस आणि वेळ दोन्ही पक्की. 'बोलू कधीतरी' हे ठरवणं नव्हे. दारू झोप लवकर आणते आणि रात्रीच्या उत्तरार्धात तीच मोडते, शोकात ती आधीच मोडलेली असते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर थेंबही नको. स्वयंसेवेला जायचं असेल तर नोव्हेंबरमध्येच विचारा, ऐनवेळी जागा नसते. आणि हसून स्वागत करणं जमणार नसेल तर भांडी धुण्याचं काम मागून घ्या.

मुलं डबक्यात उडी मारावी तशी दुःखात शिरतात आणि बाहेर पडतात. त्यांना भेटवस्तू हवीच असते, त्याचा राग धरू नका.

एक गैरसमज: नाताळात आत्महत्या वाढतात असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेच्या आकड्यांत डिसेंबर उलट बहुधा कमी आकड्यांच्या महिन्यांत येतो. पण एखादं माणूस 'आता जगून काय करू' म्हणू लागलं तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात जात नाही. उत्तर 'हो' असेल तर सुट्ट्या संपायची वाट न बघता त्याच दिवशी मदत, आणि तोवर सोबत. म्हणून आपत्कालीन सेवेचा आणि हेल्पलाइनचा नंबर आधीच कागदावर हवा. शोक महिनोन्महिने रोजच्या जगण्याला जखडून ठेवत असेल तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची. मदत मागायला मात्र कुठलीच अट नाही.

३१ डिसेंबरकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ते माणूस ज्या वर्षात हयात होतं ते वर्ष त्या रात्री संपतं, आणि बाराच्या शुभेच्छांनी पंचवीसला न रडलेला माणूसही कोसळतो. फोन बंद करून अकराला झोपणं हा पूर्ण मान्य मार्ग आहे. सजावट उतरवताना कुणाला तरी सोबत घ्या आणि माळांच्या खोक्यात एक चिठ्ठी टाका: काय झेपलं, काय नाही, कोणाचा फोन बरा वाटला. दुसरा नाताळ अनेकांना पहिल्यापेक्षा जड जातो, कारण बधिरपणा ओसरलेला असतो आणि विचारपूसही थांबलेली असते. ती चिठ्ठी तेव्हा लागेल.