अंगणातली पहिली वाफ

आज गंगापूर रोडच्या घरामागचा सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी गरम खोली, अखेर तापला! दोन महिने चाललं होतं. खरा वेळ लाकडात नाही, कोबा आणि वायरिंगमध्ये गेला. खोली छोटीच, ६ घनमीटर. साधारण एका घनमीटरला १ किलोवॅट धरतात, म्हणून ६ किलोवॅटचा हीटर. त्यासाठी वायरमनने मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढली. जाड केबल, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग नव्याने. सुताराने हवेची भोकं ठेवलीच नव्हती. ती पुन्हा कापून घेतली, एक खाली हीटरजवळ, एक समोरच्या भिंतीत. चार दिवस गेले, पण यात तडजोड नको. आत जीव गुदमरतो नाहीतर.

संध्याकाळी ८० अंश झाले. बाबा बाकावर बसले, मी हीटरवरच्या तापल्या दगडांवर पळीभर पाणी सोडलं. या वाफेला फिनलंडमध्ये ‘लोयलू’ म्हणतात. त्यांची सौना परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

बाहेर आलो तर डिसेंबरचा नाशिकचा गारठा आणि आमच्या अंगातून निघणारी वाफ. आई टॉवेल घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “उद्या मी पण बसणार रे.”