भायखळ्याला थांबलेली लोकल

माझी भाची यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली, त्यामुळे त्वरण, विस्थापन, अप्रकट उष्मा हे शब्द तिच्या अंगवळणी पडलेले होते. आता तेच सगळे इंग्रजीतून समोर आले आणि न्यूमेरिकल म्हटले की ती पेन खाली ठेवू लागली. म्हणून गेले तीन महिने दर रविवारी सकाळी ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसतो. अडचण भाषेची असावी, असे सुरुवातीला मलाही वाटले होते, पण पहिल्याच रविवारी तो समज दूर झाला.

उदाहरण अगदी साधे होते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावले असता तिचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत जातो, तर गाडी किती अंतरावर थांबेल? तिने गतीविषयक तिसरे समीकरण बिनचूक लिहिले, ७२ चा वर्ग केला, त्याला ०.५ च्या दुपटीने म्हणजे १ ने भागले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"मावशी, पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी मीटर."

"म्हणजे दादरला ब्रेक लावले तर गाडी कुठे थांबेल?"

तिने मनातल्या मनात परळ, करी रोड, चिंचपोकळी अशी स्थानके मोजली आणि भायखळ्याच्या आसपास पोहोचल्यावर ती स्वतःच हसू लागली. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० चा वर्ग ४००, म्हणून गाडी ४०० मीटरवर थांबते. सूत्र बरोबर होते आणि आकडेमोडही चोख होती. किलोमीटर, तास, मीटर आणि सेकंद मात्र एकाच ओळीत एकमेकांशी न बोलता बसले होते आणि वहीत त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते, कारण एकक ही उत्तर आल्यावर शेवटी चिकटवायची गोष्ट आहे, अशीच तिची समजूत होती. शेवटी एकक लिहिले नाही तर अर्धा गुण जातो, एवढ्यापुरताच तिचा एककाशी संबंध होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे एकच नियम आहे: किंमत घालताना प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक लिहायचे, आणि आकड्यांप्रमाणेच एककांचाही गुणाकार-भागाकार करायचा आणि वर-खाली आलेली सारखी एकके कापायची. याने पान लवकर भरते, हात दुखतो, आणि पहिले दोन आठवडे ती कुरकुरतही होती.

मोलच्या धड्यात या नियमाने खरी कमाल केली. (डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या.) खाण्याच्या सोड्याचे रेणुवस्तुमान ८४, एवढेच तिला पाठ होते. मग ४.२ ग्रॅम सोड्यात किती मोल आहेत हे काढताना ८४ ने गुणायचे की भागायचे, हा प्रश्न पडला की ती क्लासमध्ये शिकवलेला सूत्राचा त्रिकोण काढायची (तीन राशी त्रिकोणात मांडायच्या आणि हवी ती बोटाने झाकायची). मला तो त्रिकोण मुळीच आवडत नाही, कारण तो उत्तर देतो आणि अर्थ झाकून ठेवतो. ८४ च्या पुढे 'ग्रॅम प्रति मोल' असे लिहिले की त्रिकोणाची गरजच उरत नाही: ग्रॅमला ग्रॅम प्रति मोलने भागले की मोल उरतात, आणि चुकून गुणाकार केलाच तर 'ग्रॅमचा वर्ग प्रति मोल' असे काहीतरी समोर येते, जे कोणत्याच दुकानात मिळत नाही. उत्तर ०.०५ मोल.

पण इथेच माझ्या नियमाची मर्यादाही उघडी पडली. सोडा तापवला तर कार्बन डायऑक्साइड किती मिळेल, असे पुढे विचारले होते. तिने ०.०५ मोल सोडा म्हणून ०.०५ मोल वायू धरला, त्याला ४४ ग्रॅम प्रति मोलने गुणले आणि २.२ ग्रॅम असे उत्तर काढले. एककांत कुठेही खोट नव्हती, तरी उत्तर दुप्पट होते, कारण संतुलित समीकरणात सोड्याचे दोन रेणू मिळून वायूचा एकच रेणू देतात. तेव्हा नियमात भर घालावी लागली: नुसते 'मोल' लिहायचे नाही, 'मोल सोडा' आणि 'मोल वायू' असे पदार्थाच्या नावासकट लिहायचे. दोन मोल सोड्यामागे एक मोल वायू हे गुणोत्तर मधल्या पायरीत आल्याशिवाय सोड्याचे नाव पुसलेच जात नाही. उत्तर १.१ ग्रॅम. पडताळा म्हणून तिने वायूसोबत तयार होणारे सोडियम कार्बोनेट २.६५ ग्रॅम आणि पाणी ०.४५ ग्रॅम काढून तिन्हींची बेरीज केली. ती बरोबर ४.२ ग्रॅम भरली. त्या बेरजेकडे ती बराच वेळ पाहत होती.

घनमापनाच्या बाबतीत मला तिला बोलायचा अधिकार नाही. एका घनमीटरमध्ये १०० घनसेंटिमीटर असतात, असे मी स्वतः शाळेत लिहिले होते आणि गुण घालवले होते. खरे तर ते दहा लाख असतात. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर, आणि ती भरली की आत एक टन पाणी असते, हे चित्र डोळ्यांसमोर असते तर ती चूक झाली नसती.

याच जातीची चूक मोठ्या माणसांनीही केली आहे. २३ जुलै १९८३ रोजी माँट्रिऑलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते आणि टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होते. इंधनमापक चालत नसल्यामुळे हिशेब हाताने केला गेला: ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले, ते किलोग्रॅम समजून वजा केले, आणि उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर भरले. १.७७ ही घनता पौंड प्रति लिटरमध्ये होती. किलोग्रॅममध्ये ती साधारण ०.८ येते, आणि भरायला हवे होते सुमारे २०,००० लिटर. विमान सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आले. वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि सर्व ६९ जण वाचले.

हा हिशेब मी भाचीला नुसत्या आकड्यांत दिला आणि चूक शोधायला सांगितली. मला वाटले ती एककांपासून सुरुवात करील. तिने १.७७ भोवती गोल काढला आणि विचारले, "विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलसारखंच ना? मग लिटरला पावणेदोन किलो कसं? रॉकेल तर पाण्यावर तरंगतं."

परवा तिने नवीन तक्रार आणली आहे. एका पुस्तकात एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर दिले आहे आणि दुसऱ्यात २२.७. दोन्ही बरोबर आहेत: तापमान दोन्हीकडे शून्य अंश सेल्सिअसच आहे, पण पहिल्यात दाब एक ॲटमॉस्फिअर धरला आहे आणि दुसऱ्यात एक बार. मी तिला आकड्याशेजारी दाब लिहायला सांगितले. तिने लिहिला, आणि मग 'बार'पुढे कंसात 'पास्कलमध्ये किती?' असे स्वतःच लिहून ठेवले.