विलेम ड्रेस यांची ओळख

"विलेम ड्रेस होते म्हणून माझ्या आईला म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागला नाही," असे हेगमधल्या आमच्या शेजारच्या डच आजी आज घरातल्या माणसाविषयी बोलावे तशा म्हणाल्या, आणि तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही.

ही आपुलकी पोकळ नाही. नेदरलँड्सचे सामाजिक व्यवहार मंत्री असताना ड्रेस यांनी १९४७ मध्ये पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना सरकारी निर्वाहवेतन मिळवून देणारा तातडीचा कायदा आणला; पुढे १९४८ ते १९५८ ते पंतप्रधान होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९५७ पासून, वृद्धापकाळाचे वेतन सर्वांसाठी लागू झाले. १९८८ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी, ते वारले.

मात्र डिसेंबर १९४८ मध्ये याच पंतप्रधानांच्या सरकारने डच वसाहतीतून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर दुसरी लष्करी कारवाई केली, त्याची राजधानी योग्यकर्ता ताब्यात घेतली आणि राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना अटक केली. नेहरूंनी त्यावरून जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत परिषद बोलावली होती, हे आपण तरी विसरू नये असे मला मनापासून वाटते.

डच शाळांमध्ये ड्रेस यांची ही दोन्ही कामे एकाच धड्यात शिकवली जात असतील का?