ट्रान्सपोर्टर, आरसा आणि माझा अंधारा किल्ला

शनिवार, रात्री साडेबारा

जेवणं झाल्यावर जुनं स्टार ट्रेक लावलं, १९६६ चं, अंतराळ जहाजावरची ती मालिका, कॅप्टन किर्क आणि स्पॉकवाली. बायको म्हणाली परत तेच का, म्हणलं हो परत तेच. 'द एनिमी विदिन' नावाचा एपिसोड होता, त्यात ट्रान्सपोर्टर (माणसांना जहाजावरून ग्रहावर क्षणात पोचवणारं यंत्र) बिघडतो आणि किर्कचे दोन किर्क होतात, एक भला आणि एक बदमाष, आणि तिकडे खाली ग्रहावर जहाजावरचाच सुलू आणि त्याची माणसं थंडीनं काकडतायत कारण ट्रान्सपोर्टर बंद म्हणजे त्यांना वर आणायची सोयच नाही. सुलू बिचारा फेझरनं (किरणांची बंदूक) दगड तापवून शेकत बसलाय आणि वरच्यांना गमतीत विचारतोय की एखादा लांब दोर शोधून गरम कॉफी सोडता येईल का खाली. आणि बघणारा प्रत्येकजण टीव्हीकडे बघून ओरडतो, अहो मग छोटं यान पाठवा की! तर यान नव्हतंच. म्हणजे मालिकेतच अजून आलं नव्हतं, ते छोटं यान, शटल, पहिल्यांदा दिसलं ते दीडएक महिन्यानं, नोव्हेंबर १९६६ मध्ये.

बरं हा ट्रान्सपोर्टर तरी का आला, तर दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवताना दाखवायला पैसे नव्हते म्हणून. मग अल्युमिनियमची पूड प्रकाशात टाकून ती शूट केली, झगमग झगमग, माणूस इथून गायब आणि तिथे हजर, काम झालं. खर्चाचा प्रश्न मिटला आणि पुढच्या लेखकांच्या मागे कायमचं लचांड लागलं. कारण हे यंत्र चालू असेल तर कुठलीच गोष्ट पाच मिनिटांच्या पुढे जात नाही, हिरो अडकला की बटण दाबा आणि उचला. म्हणून मग प्रत्येक वेळी निमित्त शोधा, आज वादळ आहे, आज जहाजाची संरक्षक कवचं चालू आहेत, आज खाली कसलंतरी खनिज आहे. पुढच्या सगळ्या स्टार ट्रेक मालिकांमध्ये हेच. ज्यानं कधीही दुसऱ्याचा जुना कोड सांभाळलाय त्याला हे बघून हसू येईल, आणि थोडा रागपण.

मी ऑफिसात हिशोबाच्या बाजूला आहे, कोडिंग हा माझा रात्रीचा उद्योग, पण ऑफिसात पण एक एक्सेलचा मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) आहे जो कुणीतरी कधीकाळी 'फक्त मार्च एंडपुरता' लिहिला होता. लिहिणारा केव्हाच सोडून गेला. त्यात एका शीटचं नाव 'टेंप२' आहे आणि ते बदललं की सगळं कोसळतं, 'टेंप१' कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. नवीन पोरं आली की त्यांना पहिल्या दिवशी सांगतात, बाबा रे त्याला हात लावू नकोस.

याच्या बरोब्बर उलट म्हणजे बॅबिलॉन ५, ही पण अंतराळातलीच मालिका. ती काढणाऱ्या स्ट्रॅझिन्स्कीनं पाच वर्षांची गोष्ट आधीच ठरवली होती, ११० पैकी ९२ एपिसोड स्वतः लिहिले (माणूस आहे का कोण), आणि एखादा नट सोडून गेला तर काय करायचं हे प्रत्येक पात्रासाठी आधीच काढून ठेवलेलं. आणि खरंच पहिल्या सीझननंतर हिरोच बदलायला लागला तरी गोष्ट पडली नाही. याला म्हणतात एरर हँडलिंग, चूक होणार हे धरून आधीच सोय करणं. पण मग चौथ्या सीझनला वाटायला लागलं की मालिका बंद होणार, म्हणून त्यानं पुढचं बरंचसं त्यातच कोंबलं, आणि नंतर पाचवा सीझन मिळाला तेव्हा हातात फारसं उरलंच नाही. चौथा सीझन सुसाट पळतो आणि पाचवा रेंगाळतो, बघताना स्पष्ट कळतं. एवढं प्लॅनिंग करून शेवटी डेडलाईननं घोळ घातलाच.

तर माझं असं मत होत चाललंय की प्लॅन चांगला की ऐनवेळचं ठिगळ चांगलं हा वादच चुकीचा आहे. ठिगळ सगळ्यांनाच लावावं लागतं, प्रश्न असा की तुम्ही ते झाकत बसता का त्याचा नियम करता. स्पेस इन्व्हेडर्स बघा ना, १९७८ चा गेम. वर ५५ एलियन आणि आतला प्रोसेसर ८०८०, म्हणजे फारच हळू, एका फ्रेममध्ये एकच एलियन हलतो, म्हणून सगळे असताना फौज रमतगमत सरकते आणि तुम्ही मारत जाल तसे उरलेले जोरात पळायला लागतात. शेवटचा एक तर वेडाच होतो. गेम बनवणाऱ्या निशिकादोनं हे दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता तसंच ठेवलं, आणि त्यामुळेच तर हाताला घाम फुटतो.

पण माझा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया, राजपुत्राचा जुना गेम. शाळेच्या लॅबमध्ये सर बाहेर गेले की 'प्रिन्स मेगाहिट' टाईप करून आम्ही लेव्हल उडवत जायचो त्यामुळे चौथ्या लेव्हलचा आरसा नीट खेळलो तो फार नंतर. दरवाज्याकडे परत यावं तर वाटेत आरसा उभा, जो जाताना नव्हता. लांबून पळत येऊन त्यातून उडी मारायची, आणि तुम्ही इकडून आत जाता तेव्हा तिकडून तुमचीच सावली बाहेर पडून पळून जाते आणि तुमच्याकडे जीव उरतो एकच. पुढच्या लेव्हलला तीच सावली तुमच्या डोळ्यादेखत औषधाची बाटली पिऊन टाकते, त्याच्या पुढे तोंडावर दरवाजा बंद करते. शेवटी तिच्याशी लढायची वेळ येते तर तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो, तलवार म्यान केली तरच सुटका.

आणि हे सगळं का, तर ॲपल टू या ज्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम लिहिला त्याची मेमरी संपली होती! गेम लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरकडे दुसरं पात्र काढायला जागाच नव्हती. मग त्यानं राजपुत्राच्याच फ्रेम घेतल्या, थोड्या सरकवून स्वतःशीच एक्स-ऑर केल्या (दोन्हीत सारखं असेल ते पुसायचं), की आतलं सगळं उडतं आणि नुसती चकाकणारी कड उरते. फुकटात भूत मिळालं. नंतर कुठून कुठून जागा काढून पहारेकरी पण आले, पण लक्षात राहते ती सावलीच. २०१२ ला त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला, त्यातला सोर्स कोड गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर आहे, ६५०२ प्रोसेसरची असेम्ब्ली, म्हणजे थेट यंत्राच्या जवळची भाषा. मला त्यातलं निम्मं कळत नाही तरी मी मधूनमधून उघडतो, लोक जुने अल्बम काढतात तसं. आज एआयला सांगितलं 'दुसरं पात्र दे' की पाच मिनिटांत दहा पात्रं मिळतात, मीपण घेतो, नाही असं नाही, पण सावली सुचायला आधी 'नाही' ऐकावं लागतं असं आपलं मला वाटतं.

माझ्या स्वतःच्या गेमचं सांगायचं तर किल्ल्यातून वाट काढायची आहे, पायगेममध्ये (पायथनमधलं गेम बनवायचं साधन) लिहितोय. लॅपटॉप जुना, अख्खा किल्ला स्क्रीनवर काढायला गेलं की पंखा विमानासारखा ओरडतो. म्हणून मी सगळं काळं केलं आणि फक्त खेळाडूभोवती एक गोल ठेवला, तेवढंच काढायचं, बाकी विसरा. पंखा गप्प. भाच्याला खेळायला दिला तर तो पहिल्याच जिन्यावर थांबला, पुढे जाईचना, म्हणे मामा पुढे काय आहे ते दिसत नाहीये, भारीये हे! मी त्याला पंख्याचं काही सांगितलं नाही. मग त्याचं सुरू झालं, हातात कंदील आहे ना, मग तेल संपलं तर? गोल लहान लहान होत जाणार का? पहारेकऱ्याला माझा उजेड दिसतो का?

पहारेकऱ्याचं मला सुचलंच नव्हतं. आत्ता झोपायच्या आधी ते करून बघितलं, उजेडाच्या गोलाच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतरात पहारेकरी असला की तो वळून चालत येतो, आणि कंदील बारीक केला की नाही येत. बारीक करायला आत्ता 'एल' बटण ठेवलंय. तेलाचं अजून व्हायचंय, कारण तेल आलं की ते सेव्ह करायला लागणार आणि सेव्हची फाईल मी अजून लिहिलेलीच नाहीये. भाचा म्हणतोय नकाशा पण दे, तो मात्र मी देणार नाही, कितीही रडला तरी.