तुम्ही विचारलंत म्हणून: लाभांश घटला, आता शेअर विकायचा का?

हा प्रश्न मला मे ते ऑगस्टच्या दरम्यान सगळ्यात जास्त येतो. मार्चअखेरचे निकाल लागलेले असतात, संचालक मंडळांनी अंतिम लाभांश (नफ्यातून भागधारकांना वाटायची रक्कम) सुचवलेला असतो, वार्षिक सभा उरकत असतात आणि पासबुकात रकमा पडू लागतात. गेल्या वर्षीपेक्षा कमी पडले की फोन येतो: “काका, यांनी डिव्हिडंड कापला. काढून टाकू का?”

मी आधी विचारतो, कापला हे ठरवलं कशावरून? निम्म्या वेळा उत्तर ‘खात्यात कमी आले’ एवढंच असतं. एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर आपल्या हातात आल्यावर लागतो. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळणार असतील तर ती १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापूनच पैसे पाठवते. ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ५,००० होती. म्हणजे कात्री कंपनीने लावली की आयकर खात्याने, हे आधी बघा.

माझ्याकडे वही आहे. (एक्सेल येतं मला, पण वही बरी.) प्रत्येक कंपनीला एक पान. वर्ष, प्रतिशेअर लाभांश, दर्शनी मूल्य (शेअरची कागदावरची मूळ किंमत, बाजारभाव नव्हे), प्रतिशेअर नफा, आणि सगळ्यात रुंद रकाना ‘कारण’. बाकीचे आकडे कुठल्याही वेबसाइटवर तयार मिळतात. कारण मात्र स्वतःच शोधून लिहावं लागतं, आणि पुढच्या वर्षी तेच कामाला येतं.

टाटा स्टीलचं पान घ्या. २०२१-२२ साठी ५१ रुपये, २०२२-२३ साठी ३ रुपये ६० पैसे. हे वाचून कुणीही हादरेल. पण जुलै २०२२ मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा झाले (याला स्प्लिट म्हणतात), त्यामुळे ५१ चे खरे ५ रुपये १० पैसे. तिथून ३.६० वर येणं ही कपातच, सुमारे तीस टक्क्यांची. मात्र पोलादाच्या चढ्या भावांनी दिलेला विक्रमी नफाही त्या वर्षी साधारण पाचव्या हिश्शावर आला होता, म्हणजे लाभांश नफ्यापेक्षा बराच कमी घसरला. पुढे २०२३-२४ मध्ये उपकंपन्या धरून एकत्रित हिशेबात तोटा असतानाही ३.६० कायम राहिले. मला यातून कळलं ते एवढंच, की धातूच्या धंद्यात तेजीच्या वर्षाचा लाभांश पाया धरायचा नाही. ५१ च्या आकड्याला मी चौकोन केला आहे.

आयटीसीच्या पानावर उलटा प्रकार आहे. २०२२-२३ ला १५.५० रुपये, पुढच्या वर्षी १३.७५. दिसायला घट. पण १५.५० मध्ये २.७५ रुपये विशेष, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा एकवेळचा, लाभांश होता. तो बाजूला काढला की उरतात १२.७५, म्हणजे नेहमीचा लाभांश एका रुपयाने वाढलाच. विशेष लाभांश मी नेहमी वेगळ्या शाईने लिहितो. टीसीएससारख्या कंपनीत हे केलं नाही तर पान समजतच नाही: जानेवारी २०२३ मध्ये ६७ रुपये विशेष, जानेवारी २०२५ मध्ये ६६.

अंतरिम (वर्ष संपण्याआधी दिलेला) आणि अंतिम यांची बेरीज न करता बोलणारेही भेटतात. लाखाच्या वर भाव असलेला एमआरएफ ३ रुपये अंतरिम जाहीर करतो तेव्हा दरवेळी विनोद फिरतात. २०२३-२४ मध्ये असे दोनदा ३ रुपये दिल्यावर अंतिम १९४ आले, त्यावर कुणी विनोद केलेला दिसला नाही.

आमच्या पुण्याच्या बजाज ऑटोवर मात्र मला खरंच भांडावं लागतं. सलग तीन वर्षं १४० रुपये, मग २०२३-२४ ला एकदम ८०. फोन वाजायला लागले. पण त्याच वर्षी कंपनीने १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचं बायबॅक केलं होतं, म्हणजे भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले होते. शेअर साधारण २८ कोटी. साठ रुपयांची कपात म्हणजे जेमतेम १,७०० कोटी वाचले आणि ४,००० कोटी दुसऱ्या दाराने भागधारकांकडे गेले. ज्यांनी शेअर दिले नाहीत त्यांच्या खात्यात साठ रुपये कमीच पडले, तेव्हा त्यांची कुरकुर अगदीच बिनबुडाची नाही. पण याला धंदा खालावला असं म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी २१० आले.

बँकांच्या पानांवर २०१९-२० च्या अंतिम लाभांशापुढे शून्यच शून्य आहेत. १७ एप्रिल २०२० ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की त्या वर्षाच्या नफ्यातून आता पुढे काही वाटू नका, भांडवल जपा. चांगली बँक आणि रडकी बँक, दोघींना एकच हुकूम. त्या शून्यांवरून बँकांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता, मला कपातीपेक्षा जास्त धास्ती कशाची वाटते? अचानक झालेल्या मोठ्या वाढीची. वेदांतने २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून १०१.५० रुपये दिले. भाव तीनशेच्या आसपास असताना! माझ्या ओळखीतले लोक पेढे वाटायच्या बेतात होते. ही रक्कम त्या वर्षीच्या नफ्यापेक्षा कितीतरी जास्त होती. सुमारे सत्तर टक्के शेअर प्रवर्तकांकडे, म्हणजे लंडनच्या मूळ कंपनीच्या हातात, आणि तिला स्वतःची कर्जं फेडायला पैसा हवा होता. कायद्याने यात काही गैर नाही, छोट्या भागधारकालाही तेवढेच मिळाले. पण हा आकडा तुमच्या निवृत्तीच्या हिशेबात धरायचा नसतो. पुढच्या वर्षी आले २९.५०.

मग विकायचा कधी? कारणाचा रकाना सलग दोन वर्षं रिकामा राहिला तर. म्हणजे लाभांश घटला, पण स्प्लिट नाही, बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) नाही, बायबॅक नाही, नवा कारखाना नाही, मागच्या वर्षी विशेष काही दिलेलं नाही. अशा वेळी मी रोखप्रवाहाचं पत्रक काढतो. धंद्यातून आलेल्या रोखीतून यंत्रसामग्रीचा खर्च वजा करून उरतं (हीच मोकळी रोख) त्यात लाभांश बसतो का, आणि कर्ज वाढतंय का. न बसणारा लाभांश तसाच ठेवून कर्ज वाढवणारी कंपनी मला कपात करणाऱ्या कंपनीपेक्षा वाईट वाटते.

शिवाय बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना लाभांशाचं धोरण जाहीर करावंच लागतं. बहुतेकांचं धोरण म्हणजे गोलमोल दोन पानं. इन्फोसिससारखा स्पष्ट आकडा, पाच वर्षांतल्या मोकळ्या रोखीच्या सुमारे ८५ टक्के, फार थोड्या कंपन्या देतात. जिथे आकडा आहे तिथे तो पाळला का ते तपासतो. पाळला नसेल आणि अहवालात अवाक्षर नसेल, तर वार्षिक सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवून विचारतो. आता सभा बहुतेक घरबसल्या व्हिडिओवर होतात, तेव्हा सबब उरलेली नाही. तिथेही धड उत्तर मिळालं नाही तर विकायला घेतो. एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत.